उदयनगरची वारी

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी आदिवासींमध्ये काम करणाऱ्या कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया वट्टालिल उदयनगरहून इंदूरला येण्यासाठी बसमध्ये बसल्या आणि नाचनबोर टेकडीजवळच्या जंगलात ती बस थांबवून, सहप्रवाशांच्या देखत, त्यांचा भोसकून खून करण्यात आला. शरीरावर पन्नासहून अधिक जखमा होत्या आणि शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी येशूचे नाव होते, असे सांगतात. त्यांचा जो प्रवास अर्ध्यावर तुटला, तो आम्ही इंदूरची काही मराठी ख्रिस्ती माणसे उलट दिशेने, म्हणजे इंदूरहून उदयनगरला, पायी करतो. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि वाटेत एक मुक्काम पडतो.

या चालण्याला आम्ही वारी म्हणतो, याचे काहींना आश्चर्य वाटते. माझे आजोबा अहमदनगरकडून गिरणीतल्या कामासाठी इंदूरला आले, आणि आजीच्या माहेरी एकेकाळी पंढरीची वारी असल्यामुळे देवाच्या नावाने पायी निघणे याला तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. आमच्या उपासनेत नारायण वामन टिळकांची पदे टाळांच्या साथीने म्हटली जातात आणि आषाढात शेजारच्या गल्लीतून दिंडी गेली की तिचा ठेका आमच्या घरातही सगळ्यांना पाठ असतो. आम्ही प्रोटेस्टंट आहोत, राणी मारिया कॅथलिक होत्या. आमच्या मंडळीतल्या काहींनी या वारीला हरकत घेतली, आणि ती मनापासूनची होती म्हणून मी तिचा मान राखते. परंतु बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाने जगलेल्यांची भली मोठी नामावळी दिली आहे आणि तिच्यापाठोपाठच, एवढे साक्षीदार भोवती असताना आपण आपली धाव धावावी, ही गोष्ट येते. आम्ही प्रार्थना ख्रिस्ताचीच करतो. साक्षीदाराची आठवण मात्र पायांनी ठेवतो.

या वर्षी निघण्याचे कारण अधिक जवळचे होते. आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना होत असे. येणारी माणसे सगळी जन्मापासूनची ख्रिस्ती, बहुतेक वयस्कर. पावसाळ्यात एका संध्याकाळी वस्तीतल्या एका गृहस्थांनी तक्रार केली की इथे धर्मांतर चालते. मागोमाग काही तरुण दारात येऊन उभे राहिले, आणि रात्री उशिरापर्यंत आमच्या घरच्या माणसांना ठाण्यात बसावे लागले. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला, आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे असे त्यात आहे. परंतु आपल्याच घरात बसून आपल्याच देवाची प्रार्थना करू नये, असे त्यात कुठेही नाही. पुढे काही झाले नाही, प्रकरण तिथेच थांबले. तरीही भीती घरात राहायला आली. आम्ही खिडक्या लावून घेऊ लागलो, पदे गाण्याऐवजी वाचू लागलो, आणि टाळ जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. दोन जणी यायच्या थांबल्या. छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार आणि तुरुंग येतात, परंतु विश्वास बहुतेक वेळा असा आवाज उतरत उतरत विझतो, हे मी त्या महिन्यांत पाहिले.

पहाटे नेमावर रस्त्याला लागलो तेव्हा थंडी होती. शहर मागे पडेपर्यंत ट्रकांच्या दिव्यांत कडेने एका रांगेत चालावे लागते, बोलणे शक्य नसते. उजाडल्यावर दोन्ही बाजूंना पिवळसर होऊ लागलेला गहू दिसू लागला. खुडैलजवळ चहाला थांबलो असता एका शेतकऱ्याने विचारले, "कहाँ की जात्रा है, बाई?" आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो. एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आजूबाजूला पाहण्याची सवय आम्हांला लागली होती. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ मावशींनी मात्र कप खाली ठेवून सरळ सांगितले, की उदयनगरला राणी सिस्टरच्या समाधीवर जात आहोत. तो म्हणाला, "अच्छा, वो सिस्टर," आणि मुलाला सांगून आमच्या बाटल्या भरून दिल्या.

आमच्यासोबत वसईचे एक कॅथलिक काका असतात. नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. चालताना ते आपल्या गावच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्याविषयी बोलतात. गोन्सालो वसईत जन्मलेले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू होऊन जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रूसावर चढवण्यात आले. ही गोष्ट मी पूर्वी ऐकली होती. तिच्या पुढचा भाग काकांनी या वेळी सविस्तर सांगितला आणि माझ्या मनात तोच अधिक राहिला.

१६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले किंवा मारले गेले, आणि संशयितांना येशूची किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावून पारखले जाऊ लागले. उरलेल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ धर्मगुरूवाचून, चर्चवाचून आपला विश्वास सांभाळला. तो कसा सांभाळला, हे काकांनी खुडैलच्या पुढच्या चढावर दम खात सांगितले. गावागावांत त्यांनी कामे वाटून घेतली होती. एकाकडे दिनदर्शिका असे. नाताळ कधी, उपवासाचे दिवस कोणते, पुनरुत्थानाचा सण केव्हा, हे त्याने मोजायचे. दुसऱ्याकडे बाप्तिस्म्याचे पाणी आणि बाप्तिस्म्याचे शब्द. तिसऱ्याने घरोघरी जाऊन निरोप पोहोचवायचे. एक म्हातारा झाला की तो आपले काम पुढच्याला शिकवी. प्रार्थनांमधले लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द झिजून ओळखू येईनासे झाले, तरी म्हणणे थांबले नाही. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीला परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही जण आले, आणि आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे त्यांनी तिथल्या फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले.

आशेची अशी गोष्ट ऐकली की ती इथेच संपावी असे वाटते, परंतु काका प्रामाणिक माणूस आहेत. ओळख पटल्यावर छळ पुन्हा वाढला, उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करून देशभर विखुरण्यात आले, आणि बंदीचे फलक १८७३ मध्येच उतरले. ज्यांनी दिनदर्शिका सांभाळली त्यांतल्या बहुतेकांनी मोकळेपणाचा एकही नाताळ पाहिला नव्हता. मी बराच वेळ बोलले नाही. आमचा एक गुरुवार मोडला आणि आम्ही सहा महिन्यांत आवाज गमावला होता.

खुडैल मागे पडल्यावर शेते कमी होतात, जमीन खडकाळ होऊ लागते आणि साग-पळसाचे रान सुरू होते. पळस नुकता फुलू लागला होता. टाळ मी पिशवीत घालून आणले होते. इथे ते बाहेर निघाले, आणि मावशींनी टिळकांचे पद धरले. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, म्हणजे राणी मारियांच्या मृत्यूच्या बरोबर शंभर वर्षे आधी, त्याच महिन्यात. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता आणि त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. बाप्तिस्म्यानंतर आप्तांनी त्यांना तोडले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांत टिळकांनी ज्या समाजाने बाहेर काढले त्याच्याविषयी कडवटपणा धरला असता, तर आज आमच्या तोंडी असलेली पदे अभंगाच्या चालीवर आली नसती, असे मला नेहमी वाटते. आपल्या माणसांनी टाकले तरी त्यांनी आपल्या माणसांची वाणी टाकली नाही.

मुक्कामाला एका ओळखीच्या घरची पडवी मिळाली. पायांना फोड आले होते, तेल-हळद लावून बसलो. संध्याकाळच्या प्रार्थनेत मावशी म्हणाल्या, "आपल्याविरुद्ध तक्रार केली त्या भाऊंसाठी आज प्रार्थना करू या. नाव घेऊन करू या." मी म्हणाले, "मावशी, सर्वांसाठी करतोच की आपण, त्यात ते आले." त्यावर त्या म्हणाल्या, "नाही बाई, तसं नाही चालत. त्यांचा मुलगा बारावीला आहे, पुढच्या आठवड्यात त्याचा पेपर आहे. त्याच्यासाठी कर." 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' हे वाक्य मला शाळेपासून पाठ आहे, परंतु वैऱ्याच्या मुलाचा भौतिकशास्त्राचा पेपर त्यात कधी आला नव्हता. मी प्रार्थना केली. आवाज कापला, पण नाव घेतले.

यावर एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण क्षमेच्या नावाखाली ख्रिस्ती माणसाला पुष्कळदा गप्प बसायला सांगितले जाते. प्रेषित पौलाला फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगितले, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. त्याच पौलाने तुरुंगातून आनंदाची पत्रे लिहिली. संविधानाच्या २५ व्या कलमाने दिलेला धर्मस्वातंत्र्याचा हक्क मागणे आणि त्या भाऊंच्या मुलासाठी प्रार्थना करणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात. आम्ही वकिलांचा सल्ला घेतला आहे आणि आमचे म्हणणे लेखी दिले आहे.

नाचनबोरच्या परिसरातून जाताना कोणी गात नाही. राणी मारिया १९५४ मध्ये केरळातल्या पुल्लुवळी गावी जन्मल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या सिस्टरांच्या संघात आल्या आणि १९९२ पासून उदयनगरला आदिवासींमध्ये काम करू लागल्या. बचतगट उभे करणे, सावकाराच्या कर्जातून माणसे सोडवणे, सरकारी योजनांचे हक्क मागायला शिकवणे, हे त्यांचे काम होते, आणि ज्यांचे व्याज बुडाले ते चिडले. त्यांनीच समंदर सिंह या तरुणाला पुढे केले. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले, आणि २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे राणी मारियांच्या आईने त्याचे हात चुंबिले. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ मध्ये तो सुटला. त्यानंतर तो समाधीवर येत राहिला. या सगळ्याला अकरा वर्षे लागली. क्षमा एका क्षणात घडल्यासारखी सांगितली जाते, तेव्हा मला ही मधली वर्षे आठवतात. त्या आईने किती रात्री आधी स्वतःशीच झगडून काढल्या असतील, हे कोणी लिहिलेले नाही.

उदयनगरला पोहोचलो तेव्हा चर्चच्या आवारात दूरदूरच्या पाड्यांवरून आलेल्या बाया मुलांना घेऊन बसल्या होत्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यपद, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, देण्यात आले तेव्हा हजारोंचा मेळा होता. इथे तसे काही नव्हते. समाधीपाशी एक म्हातारी आदिवासी बाई हाताने दगड पुसत होती. तिने आम्हांला विचारले, कुठून आलात, जेवलात का. सिस्टरने तिला सही करायला शिकवले होते, एवढेच तिने सांगितले आणि पुन्हा दगड पुसू लागली. ज्या कामासाठी खून झाला ते काम त्यांच्यामागे इतर सिस्टरांनी सोडले नाही, त्या इथून गेल्या नाहीत. आम्ही मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, मागच्या बाकावर बसलो आणि शेवटी आमचे एक पद टाळांवर म्हटले.

परतीच्या बसमध्ये कामे वाटली गेली. गुरुवारची प्रार्थना आता एकाच घरी न होता पाळीपाळीने होते. कोणत्या गुरुवारी कोणाकडे, हे वसईचे काका एका वहीत लिहितात. यायच्या थांबलेल्या दोघींकडे निरोप घेऊन मी जाते. त्यांतली एक आता येते, दुसरी अजून येत नाही. मुलांना वचने पाठ करून घेण्याचे काम माझ्या भाचीकडे आहे. मावशींनी आपले काम स्वतःच निवडले. मुलाचे पेपर संपल्यावर त्या तक्रार करणाऱ्या भाऊंच्या घरी गेल्या, पेपर कसे गेले ते विचारले. मुलाच्या आईने चहा दिला, भाऊ आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. निकालाच्या दिवशी त्या पुन्हा जाणार आहेत.