पावसाची सावली

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि वीसेक वर्षं रेडिओवर विज्ञान सांगतो. दहा मिनिटांच्या भाषणाला हजार-अकराशे शब्द पुरतात. कागद सुटे ठेवायचे, कारण पान उलटल्याची खसखस माइक हमखास पकडतो. सूत्र एकही नाही. आमच्या विभागातल्या मंडळींना हा फावल्या वेळचा उद्योग वाटतो. त्यांनी एकदा सूत्राशिवाय दहा मिनिटं बोलून बघावं.

त्या दिवशी 14 मे, पुण्यातला शून्य सावलीचा दिवस. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. साडेअकरा ते बारा थेट फोन-इन. उद्घोषणेत कुणीतरी ‘दुपारी बारा वाजता सावली गायब’ असं लिहून ठेवलं होतं. हा घोळ दरवर्षीचा. आपलं भारतीय घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. अंशाला चार मिनिटं धरली की चौतीस-पस्तीस मिनिटांचा उशीर. मे महिन्यात सूर्य तीन-चार मिनिटं आधीच माथ्यावर येतो, ती वजा केली की उरतात 12 वाजून 31 मिनिटं. बाराला अंगणात जाऊन हिरमुसून परतलेली मुलं मी पाहिली आहेत. ती ओळ मी बदलून घेतली.

चौथा फोन एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरचा. “सर, मी जन्मापासून अंध आहे. सावली म्हणजे नेमकं काय?”

मी म्हणालो, “काका, वस्तूमागे दिसणारी काळी आकृती...” आणि थांबलो. दिसणारी. काळी. थेट प्रक्षेपणात चार सेकंदांची शांतता फार मोठी असते. काचेपलीकडून ड्युटी ऑफिसर हात फिरवत होते.

मग मी विचारलं, “पावसात छत्री धरल्यावर पायाशी जमिनीचा तुकडा कोरडा राहतो ना? ती पावसाची सावली. उन्हाचंही तसंच.”

“वारा असला तर कोरडा तुकडा बाजूला सरकतो.”

“बरोबर.”

“म्हणजे आज ऊन सरळ पडणार. कोरडं फक्त छत्रीखाली.”

मी शिकवलेल्या कितीतरी वर्गांत हे कुणी इतक्या लवकर पकडलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, आजवर भर दुपारचं ऊन तुमच्या दक्षिणेच्या भिंतीवर पडत होतं. आता जुलैअखेरपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर पडेल, हात लावून बघा. त्यांनी लगेच विचारलं, “मग चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या कोरड्या तुकड्यात जातो का?”

हो म्हणेपर्यंत बारा वाजले आणि फोन कापला गेला. नंबर कुणी लिहून घेतला नव्हता.

चंद्रग्रहणावरचं माझं जुनं भाषण काल काढलं. पहिलंच वाक्य आहे, ‘तांब्यासारखा लाल चंद्र’. ते खोडलं. त्या जागी काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही.