यूरियाची विद्राव्यता मोल फ्रॅक्शनमध्ये कशी काढायची?

रावेर-यावलकडे केळीला ठिबकमधून यूरिया सोडताना टाकीला हात लावून बघा, गार लागते. यूरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणूनच गरम पाण्यात तो जास्त विरघळतो. १०० ग्रॅम पाण्यात २०° सेल्सिअसला साधारण १०८ ग्रॅम, ४०° ला साधारण १६७ ग्रॅम.

हे झालं वजनात. मोल फ्रॅक्शन म्हणजे एकूण मोलमध्ये द्राव्याच्या, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाच्या, मोलचा वाटा. त्याला वजनाशी देणंघेणं नाही, तिथे रेणूंची मोजदाद होते. ४०° चा आकडा घेऊ. यूरियाचं मोलर वस्तुमान ६०.०६, म्हणजे १६७ ÷ ६०.०६ = २.७८ मोल. पाण्याचं १८.०१५, म्हणजे १०० ÷ १८.०१५ = ५.५५ मोल. एकूण ८.३३ मोल. २.७८ ÷ ८.३३ = ०.३३४. संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी यूरिया विरघळणारच नाही अशा द्रावणात, दर तीन रेणूंमागे एक यूरियाचा! २०° ला हेच उत्तर ०.२४ येतं.

मुलं हमखास चुकतात ती छेदात. द्राव्याचे मोल फक्त पाण्याच्या मोलने भागले की उत्तर ०.५० येतं. बेन्झॉइक आम्लासारखा जेमतेम विरघळणारा पदार्थ असेल तर ही चूक खपून जाते, कारण २५° ला त्याचं मोल फ्रॅक्शनच ०.०००५ च्या आसपास असतं. यूरियाला मात्र ती उघडी पडते. दुसरी गफलत तक्ता वाचताना होते. काही तक्त्यांत आकडा १०० ग्रॅम पाण्यामागे असतो, काहींत १०० ग्रॅम द्रावणामागे. ४०° चा यूरिया दुसऱ्या पद्धतीत ६२.५ ग्रॅम दिसेल. तो पाण्यामागचा समजून गणित केलंत तर ०.१६ येईल, निम्म्याहूनही कमी. तक्त्याचं शीर्षक आधी वाचा, कॅल्क्युलेटर नंतर.

क्षारांचं त्रांगडं वेगळंच. पांढरं पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, २०° ला १०० ग्रॅम पाण्यात ३४.२ ग्रॅम विरघळतं. अख्खं सूत्र एक कण धरलं तर ०.०७६, दोन्ही आयन वेगळे मोजले तर ०.१४२. विद्राव्यतेच्या तक्त्यांत सहसा पहिली पद्धत असते. कुठली धरली ते उत्तराशेजारी लिहून ठेवावं. मोरचूद, म्हणजे स्फटिकातच पाणी असलेलं कॉपर सल्फेट, त्याच्या १०० ग्रॅम खड्यांत ३६ ग्रॅम पाणीच असतं, ते द्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या पाण्यात, मिळवायचं.

प्रयोगशाळेत मोजायचं असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २५° असं समजू नका. भुसावळात मे महिन्यात पारा सहज ४२ च्या वर जातो. तापमान स्थिर राखणारा पाण्याचा थर्मोस्टॅट वापरा आणि बीकर झाकून ठेवा, नाहीतर पाणी उडून आकडा चुकतो. द्रावण थंड पिपेटमध्ये ओढलं की टोकाशीच पांढरे स्फटिक धरतात आणि नमुना पातळ निघतो. पिपेट आधी त्याच तापमानाला आणा.

उत्तर पडताळायला उलटं गणित करा: मोल फ्रॅक्शनला (१ − मोल फ्रॅक्शन) ने भागा, द्राव्याच्या मोलर वस्तुमानाने गुणा, १८.०१५ ने भागा, १०० ने गुणा. ४०° च्या यूरियाला १६७ च्या आसपास आलं पाहिजे.