आमच्या फेराइनमध्ये मतदानाचं वय सोळा झालं त्याची गोष्ट

इथे जर्मनीत आमच्या फेराइनची, म्हणजे क्लबची, वार्षिक सभा मार्चमध्ये असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच थबकले, हॉलभर सगळी पांढरी डोकी. माझी लेक तेव्हा पंधराची, ती इथेच जिम्नॅस्टिक्स करायची, तिच्यासारखी कितीतरी पोरं आठवड्यातून दोनदा याच हॉलमध्ये घाम गाळायची, पण सभेला त्यातलं एकही नाही. पन्नास वर्षं, साठ वर्षं सभासद असलेल्यांना पिन लावून सत्कार झाले, मला ते मनापासून आवडलं, साठ वर्षं एकाच संस्थेची वर्गणी भरत राहणं ही काय साधी गोष्ट आहे का. पण मग अध्यक्षांनी विचारलं की पुढचा खजिनदार कोण होणार, आणि सगळे टेबलाकडे बघायला लागले.

फेराइन म्हणजे सभासदांनी चालवलेली रजिस्टर्ड संस्था. नोंदणीसाठी किमान सात जण लागतात, एक लेखी घटना लागते आणि कार्यकारिणी लागते. जर्मनीत अशा ६ लाखांच्या वर आहेत, त्यातल्या ८६ हजारांच्या आसपास तर नुसत्या खेळाच्या. गाणं, बागकाम, बुद्धिबळ, सगळ्याची फेराइन असते आणि मुलांना शिकवणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून संध्याकाळी येणारे असतात. त्यामुळे नवीन माणसं आली नाहीत तर प्रश्न नुसता सभेतल्या रिकाम्या खुर्च्यांचा राहत नाही, मंगळवारचा लहान मुलांचा वर्गच बंद पडतो.

आणि गंमत बघा, हे सगळं सुरू झालं ते शाळकरी पोरांपासून. १८११ मध्ये फ्रीडरिश लुडविग यान नावाचा एक शिक्षक बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेर हासेनहायडेला गेला आणि तिथे उघड्यावर व्यायामाचं मैदान उभं केलं. (यानची राष्ट्रवादाबद्दलची बरीच मतं मला अजिबात पटत नाहीत, तेही सांगून टाकते.) पुढे प्रशियाच्या, म्हणजे बर्लिन तेव्हा ज्या राज्यात होतं त्याच्या, सरकारला या तरुण पोरांची इतकी धास्ती वाटली की १८२० मध्ये मैदानी व्यायामावर बंदीच घातली, ती उठली १८४२ मध्ये. आज ज्या फेराइन आपल्या नावात स्थापनेचं साल अभिमानाने लावतात, म्युनिकची १८६० वाली, हॅम्बुर्गची तर १८१६ वाली, त्यांची मुळं या तरुणांच्या चळवळीत आहेत. हे वाचल्यापासून "आजकालची मुलं संस्थेत येत नाहीत" हे वाक्य मला ऐकवत नाही.

आधी आम्ही ज्या गावात राहायचो तिथल्या फेराइनमध्येही लेक जायची. तिथे तरुणांना बोलवायचे, नाही असं नाही, पण कशाला तर उन्हाळ्याच्या जत्रेत घडीची बाकं लावायला आणि रात्री उचलायला. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एकदा विचारलं की हॉल शुक्रवारी संध्याकाळी रिकामा असतो तर आम्हाला मिळेल का, आम्ही स्वतः काहीतरी करू. उत्तर यायला पाच महिने लागले आणि ते "नाही" होतं, कारण कुणी सांगितलं नाही. त्या वर्षी चौघींनी सोडलं, आणि कार्यकारिणीत बोललं गेलं की मुलांना मोबाइलशिवाय काही सुचत नाही. मला त्याचा फार राग आला होता, अजूनही येतो.

इथल्या फेराइनने काय केलं तर आधी तरुणांसाठी वेगळी नियमावली केली, इथे खूप ठिकाणी ती असते. मुलांची स्वतःची सभा, ती आपला प्रतिनिधी निवडतात आणि तो प्रतिनिधी मुख्य कार्यकारिणीत बसतो. त्यांची स्वतःची छोटी तिजोरी, पैसे कशावर खर्च करायचे ते त्यांनीच ठरवायचं आणि हिशेब मात्र पै न् पै द्यायचा. हे काही आमच्या गावाचं डोकं नाही, तरुणांच्या संघटनांबद्दल इथल्या कायद्यातच म्हटलंय की तिथलं काम तरुणांनी स्वतः उभं करायचं, मिळून चालवायचं आणि जबाबदारीतही वाटा उचलायचा, आणि सरकारने त्याला मदत करायची. लेकीने सोळाव्या वर्षी यूलायकाचं ट्रेनिंग घेतलं, तरुण गटप्रमुखांसाठी देशभर चालणारं ओळखपत्र आहे ते, किमान ३० तासांचं शिक्षण आणि वर प्रथमोपचार. गटातल्या मुलाला लागलं तर काय करायचं, पालक भांडायला आले तर कसं बोलायचं, कायद्याने आपण कशाला जबाबदार असतो, हे सगळं सोळा वर्षांची पोर शिकून आली आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातात हॉलची किल्ली दिली गेली. ती किल्ली तिने त्या रात्री उशाशी ठेवली होती.

मग आला तो ठराव, मुख्य सभेत मतदानाचं वय अठराचं सोळा करायचा. घटना बदलायची तर साधं बहुमत पुरत नाही, पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश लागतात. आणि ज्यांच्यासाठी ठराव त्यांना त्यावर मत नाही, म्हणून सगळी पोरं भिंतीला टेकून उभी. एक आजोबा उठले, ऐंशीच्या पुढचे, म्हणाले यांना ताळेबंद कळतो का. माझ्या पोटात गोळा आला. तर मुलांचा प्रतिनिधी पुढे आला आणि त्याने आपल्या तिजोरीची वही त्यांच्यासमोर ठेवली, पावत्या तारखेप्रमाणे चिकटवलेल्या. आजोबांनी चष्मा लावला आणि सगळी सभा थांबलेली असताना पानं उलटत बसले, एक बेरीज त्यांनी पेन्सिलने पुन्हा करून पाहिली, आणि वही परत देताना एवढंच म्हणाले, "बरोबर आहे." त्यांनी हात वर केला तसे मागच्या टेबलावरचे हातही वर गेले. ठराव काठावर पास झाला. बदल कोर्टाच्या नोंदवहीत चढेपर्यंत लागू होत नाही, त्यामुळे मुलांना थांबावं लागलं ते वेगळंच.

तुमच्यापैकी कुणी जुन्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असाल तर मला वाटतं एवढं करून बघा, तरुणांना कार्यक्रम देण्याआधी एखादी किल्ली आणि एखादी हिशेबाची वही द्या. चुका होतील, आमच्याकडेही झाल्या, एकदा हॉलचे दिवे रात्रभर चालू राहिले.

यंदाच्या मार्चमध्ये लेकीने पहिल्यांदा मत दिलं. वर्गणी वाढवायचा ठराव होता, तिने आणि सगळ्या पोरांनी विरोध केला, तीन जण बोललेही, छान मुद्दे मांडले, आणि हरले. घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मंगळवारी पाच वाजता नेहमीसारखी किल्ली उचलली आणि लहान मुलांचा वर्ग घ्यायला गेली.