रोशाचं तेल, लाइपझिगमध्ये

गेल्या जानेवारीत खोकल्यासाठी काहीतरी घ्यायला इथं जर्मनीत, लाइपझिगमधल्या औषधाच्या दुकानात गेले होते. काउंटरशेजारच्या फळीवर दहा-दहा मिलिलिटरच्या तपकिरी बाटल्या मांडलेल्या होत्या. लॅव्हेंडर, निलगिरी, पुदिना, आणि एकीवर ‘पामारोझा’. वास घेऊन बघायला ठेवलेली बाटली उघडली आणि मी तिथंच उभी राहिले. गुलाबासारखा वास, पण गुलाबाचा नाही. त्याच्या खाली ओल्या गवताचा, किंचित लिंबाच्या पाल्याचा. आमच्या आजोबांच्या गुडघ्यांना हा वास यायचा.

बाटलीवर बारीक अक्षरात वनस्पतीचं शास्त्रीय नाव होतं, सिम्बोपोगॉन मार्टिनी. घरी येऊन शोधलं. रोशा! आपला रोशा. साक्री, पिंपळनेर, नवापूर, नंदुरबारकडच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरता सरता माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढणारं, तांबूस तुऱ्याचं गवत. काडी बोटांत चुरगळली तर हाताचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही.

माझं माहेर पिंपळनेरजवळ. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी ओढ्याकाठी रोशाच्या भट्ट्या लागत. गवत फुलावर आलं की कापायचं, मोठ्या हंड्यात पाण्यासोबत कोंबायचं, झाकणाच्या कडा उडदाच्या पिठानं लिंपून टाकायच्या म्हणजे वाफ बाहेर जायला नको. झाकणातून बांबूची नळी काढून तिचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायचं. वाफ तिथं थंड होते, पाणी खाली राहतं आणि पिवळसर तेल वर तरंगतं. ते अलगद काढून घ्यायचं. आजोबा हे सांगताना हातांनी हंडा दाखवायचे, नळी दाखवायचे, आणि शेवटी बोट नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तेव्हा ती मला नुसती गोष्ट वाटायची.

हे तेल खानदेशातून मुंबईला आणि तिथून जहाजानं पार कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आताच्या इस्तंबूलला, जायचं, हे मला इथं येऊन कळलं. तिथले व्यापारी ते लिंबाच्या रसानं आणि उन्हानं निवळ करत आणि बल्गेरियातल्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. युरोपच्या बाजारात त्याचं नाव होतं ‘तुर्की जिरेनियम तेल’. त्यात जिरेनियम हे फुलझाड नव्हतं आणि ते तुर्कस्तानचंही नव्हतं. १८७१ मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हिंदुस्थानातून आलेल्या याच गवताच्या तेलातून गुलाबी वासाचं द्रव्य शुद्ध रूपात वेगळं काढलं. तेच जिरॅनिऑल. आज साबणाच्या, क्रीमच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत ते नाव दिसतं ना, तेच. आपल्या डोंगरातल्या गवतानं एवढा प्रवास केला आणि माझ्या शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाटली अर्थातच घेतली. आणि त्याच रात्री चूक केली.

इथं हिवाळ्यात घराघरात हीटर चालू असतात, हवा कोरडी ठणठणीत होते, हाताची कातडी भेगाळते. आजोबांच्या आठवणीच्या भरात मी पाच-सहा थेंब सरळ दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला चोळले. तासाभरात आग व्हायला लागली. झोपायच्या वेळेपर्यंत कातडी लालभडक, सकाळी बारीक पुरळ. पाण्यानं कितीही धुतलं तरी फरक पडेना. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातल्या बाईंना हात दाखवले. त्या म्हणाल्या, असं झालं की आधी साधं खायचं तेल लावून पुसून घ्यायचं आणि मग साबणानं धुवायचं, कारण हे तेल पाण्यात विरघळत नाही. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे हे कशात मिसळून लावतात?”

मला उत्तर येत नव्हतं. संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. आजी आता ब्याऐंशीची आहे. माझे हात बघून म्हणाली, “काय व्हयनं वं माय?” सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला. ती काय करायची ते मग तिनंच सांगितलं. वाटीभर तिळाचं तेल कोमट करायचं, खराट्याची काडी रोशाच्या शिशीत बुडवायची आणि वाटीत झटकायची. दोनदा, फार तर तीनदा. “इतलंसं. जास्ती नको.” मी लहानपणी बघितला होता तो फक्त वास. काडी माझ्या लक्षातच राहिली नव्हती.

शंभर किलो ताज्या गवतातून अर्धा किलोच्या आसपास तेल निघतं. म्हणजे माझ्या त्या करंगळीएवढ्या बाटलीत जवळजवळ दोन किलो गवत होतं, आणि त्यातलेच पाच-सहा थेंब मी कशातही न मिसळता हाताला चोळले होते. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मीही बोलायचे. आता बोलत नाही.

आता मी असं करते. दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर तिळाचं तेल. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, खाली उतरवायचं आणि मगच थेंब घालायचे, आचेवर घातले तर वास उडून जातो. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब बसतात. हाता-पायांना लावायचं तर सहा थेंब, म्हणजे एक टक्का. दुखऱ्या गुडघ्याला बारा. त्यापुढं नाही. काळ्या किंवा तपकिरी काचेच्या बाटलीत भरायचं, वर तारीख लिहायची, उजेडापासून लांब ठेवायचं. पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून एक दिवस थांबायचं. जिरॅनिऑलची काही लोकांना ॲलर्जी असते, म्हणूनच युरोपात ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर ते वेष्टनावर लिहिणं सक्तीचं आहे. अंघोळीच्या पाण्यात सरळ थेंब टाकू नका, ते तरंगतात आणि जसेच्या तसे अंगाला लागतात. आणि ही तेलं पोटात घ्यायची नाहीत, मोबाईलवर कुणी काहीही पाठवो.

रोशाइतकाच दुसरा जिव्हाळ्याचा विषय ओवा. वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. माझ्या मुलीला सर्दी झाली तेव्हा त्या थाइम या युरोपातल्या सुगंधी वनस्पतीचा काढा घेऊन आल्या, इथं खोकल्याला घरोघरी तोच देतात. मी त्या वेळी तव्यावर ओवा गरम करत होते. दारातून आत आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडेही थाइम?” मी त्यांच्या तळहातावर ओव्याचे दाणे ठेवले. त्यांनी चुरगळले, हुंगले, पुन्हा हुंगले. दोन्हींत एकच द्रव्य आहे, थायमॉल. कास्पार नॉयमान यांनी १७१९ मध्ये ते थाइमच्या तेलातून वेगळं काढलं, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीतले कारखाने थायमॉल काढायला आपल्याकडूनच ओवा आणत. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांचा काढा आणि माझा ओवा आळीपाळीनं हुंगत होतो. त्यांचं इंग्रजी जेमतेम, माझं जर्मन तोडकंमोडकं, पण त्या दिवशी काही अडलं नाही.

ओव्याची पुरचुंडी मी माझ्या आजीसारखीच करते. दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर, वास सुटेपर्यंतच. जुन्या मलमलीच्या तुकड्यात बांधायचा, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचा, मग मुलीच्या छातीला आणि पाठीला हलकासा शेक. त्यात तेलाचा थेंबही घालत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मला हात जोडून सांगायचं आहे. तान्ह्या बाळाच्या नाका-तोंडाजवळ पुदिन्याचं, निलगिरीचं तेल किंवा मेंथॉल असलेला बाम लावू नका, त्यानं श्वास कोंडू शकतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, आणि आपल्याकडे देव्हाऱ्यातली कापराची डबी मुलाच्या हाताला लागेल अशीच ठेवलेली असते. वाफाऱ्याचं गरम पाण्याचं पातेलं मुलाच्या पुढ्यात ठेवणंही तितकंच धोक्याचं. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, तर पुरचुंडी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. आजीनंही माझ्या धाकट्या काकाला दम लागल्यावर बैलगाडीतून रातोरात दवाखान्यात नेलं होतं. ओव्याचा शेक देत बसली नव्हती.

मे महिन्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले तेव्हा ती तपकिरी बाटली सोबत नेली. आजी ओट्यावर बसली होती. टोपण उघडून तिच्या हातात दिली, काही बोलले नाही. तिनं नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“हाई ते रोशा शे,” ती म्हणाली. मग विचारलं, कुठून आणला. जर्मनीतून आणला म्हटल्यावर तिला ते पटेना. आईला हाक मारली, तिळाचं तेल मागवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, खराटा आण.

साक्री-नवापूरकडच्या कुणाच्या रानात अजून रोशा असेल, तर कळवा. दिवाळीच्या आधी तो फुलावर येतो. एक पेंढी आमच्या घरी पोचली तरी पुष्कळ आहे, आजीला ती उशाशी ठेवायची आहे.