शब्दकोश आणि लामा

आज ग्रंथालयात शरच्चंद्र दास यांचा १९०२ चा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश पहिल्यांदा हाताळला. पानं पिवळी पडलीत, नुसतं बोट लागलं तरी कडा तुटतात. केवढं काम करून ठेवलंय या माणसाने!

दार्जिलिंगच्या शाळेचे हे मुख्याध्यापक १८७९ मध्ये तिबेटच्या ताशिल्हुन्पो मठात शिकायला गेले. ज्ञानाची ओढ खरीच होती. पण वाटा-खिंडींची माहिती इंग्रज सरकारलाही पोचत होती. पुढे सरकारी शिष्टाईसाठी ते पेकिंगलाही (आजचं बीजिंग) जाऊन आले.

दासांना, म्हणजे इंग्रजांच्या माणसाला, आसरा दिला म्हणून सेंगचेन लामांना मात्र तिबेटी सरकारने १८८७ मध्ये नदीत बुडवून मारलं. शिष्यावर जीव लावला, एवढाच त्यांचा गुन्हा. हे वाचल्यापासून पोटात कालवतंय. दासांच्या विद्वत्तेबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही, तरी शब्दकोश परत देताना हात जड झाला.