पपनसातलं फ्युरानोकुमारिन मोजताना

औषधाच्या चिठ्ठीवर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असं छापलेलं असतं. ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात क्वचितच दिसतं. भाद्रपदापासून पुढे ढिगाने दिसतं ते पपनस. गोव्यात चतुर्थीच्या माटोळीला तेच तोरंजन म्हणून टांगतात. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्रं यांचा बार्बाडोस बेटावर आपोआप झालेला संकर. औषधाच्या वाटेत येणारी फ्युरानोकुमारिन नावाची रसायनं त्याला मिळाली ती पपनसाकडून. त्यामुळे चिठ्ठीवर पपनसाचं नाव नसलं तरी प्रश्न तोच आहे, आणि तो मोजूनच सुटतो.

आधी हे घडतं कसं ते थोडक्यात. कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या गटाला फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर अल्कोहोलचा काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. अल्कोहोलची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेलं. १९९१ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा निबंध आला तेव्हापासून हा विषय गांभीर्याने घेतला जाऊ लागला. आतड्याच्या भिंतीतलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम अनेक औषधांचा काही भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. फ्युरानोकुमारिन त्याच एन्झाइमला जाऊन चिकटतात आणि ते कायमचं निकामी करतात. पेशी नवं एन्झाइम बनवेपर्यंत औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरत राहतं. सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर झालेल्या एका चाचणीत दुप्पट तीव्रतेचा ग्रेपफ्रूट रस रोज तीन वेळा दिला होता. रसासोबत घेतलेल्या गोळीचा रक्तातला एकूण भार १३.५ पट झाला. रस थांबवल्यावर २४ तासांनी तो २.४ पट, तीन दिवसांनी १.४ पट होता आणि सात दिवसांनी फरक उरला नाही. म्हणून ‘फळ सकाळी, गोळी रात्री’ हा उपाय इथे चालत नाही. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिमव्हास्टॅटिन, फेलोडिपिन अशी औषधं चालू असतील तर पपनस ग्रेपफ्रूटसारखंच मानावं. रोसुव्हास्टॅटिन आणि प्रव्हास्टॅटिन या मार्गाने फारसे मोडत नाहीत, त्यामुळे त्यांना ही अडचण नाही. औषध बदलायचं की फळ सोडायचं हे मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. गोळी परस्पर बंद करू नका.

मोजायचं काय? कडवटपणावरून अंदाज बांधू नका. कडू चव नारिंजिन आणि लिमोनिनची असते. सुरुवातीच्या काळात नारिंजिनवरच संशय होता, पण २००६ साली फ्युरानोकुमारिन काढून टाकलेला ग्रेपफ्रूट रस माणसांना देऊन पाहिला गेला तेव्हा फेलोडिपिनवरचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा मोजायच्या यादीत हवीत ही पाच फ्युरानोकुमारिन: बर्गामॉटिन, ६′,७′-डायहायड्रॉक्सीबर्गामॉटिन (पुढे डीएचबी), इपॉक्सीबर्गामॉटिन, बर्गाप्टेन आणि बर्गाप्टॉल. यातलं बर्गाप्टॉल स्वतः फारसं त्रासदायक नाही, पण रस तापवल्यावर बाकीच्यांची साखळी तुटून तेच वाढतं. त्यामुळे नमुना कुठेतरी गरम झाला होता का, याचा तो चांगला साक्षीदार आहे.

माझ्या मते या कामातल्या बहुतेक चुका यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होतात. पपनसाच्या सालीत तेलाच्या ग्रंथी असतात आणि फ्युरानोकुमारिन तिथे गरापेक्षा कितीतरी जास्त असतात. फळ आडवं कापून लिंबासारखं पिळलं की सालीचं तेल रसात उतरतं आणि आकडा फुगतो. माणूस पपनस तसं खात नाही. तो जाड साल काढतो, पांढरा भाग काढतो, फोडीवरचं कडू पापुद्र्याचं आवरण सोलतो आणि आतला गर खातो. नमुनाही तसाच घ्यायला हवा. एका ढिगातली पाच-सहा फळं घ्या, धुऊन पुसा. साल सुरीने चिरून काढा, दाबू नका. साल काढून झाली की हातमोजे आणि सुरी दोन्ही बदला. ही पायरी गाळली तर गराचा आकडा खरा येणारच नाही. फोडी सोलून फक्त रसकोश एकत्र करा आणि वजन लिहून ठेवा. साल, पांढरा भाग आणि आवरण वेगळं मोजायचं असेल तर वेगळ्या भांड्यात. सालीचा मुरांबा करणाऱ्यांसाठी तो आकडा स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे.

गर स्टीलच्या भांड्यात, थांबून थांबून, पाच-पाच सेकंद फिरवा. सलग फिरवल्यास तो तापतो. प्लास्टिकचं भांडं नको, बर्गामॉटिन तेलकट स्वभावाचं आहे आणि प्लास्टिकला धरून बसतं. याच स्वभावामुळे पुढची मोठी चूक होते: रस गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून वरचं निवळ द्रव घेणं. बर्गामॉटिन पाण्यात राहायला नाखूश असतं, ते चोथ्याच्या कणांना चिकटतं. निवळ मोजलं तर निम्मा माल कचऱ्यात गेलेला असू शकतो, आणि आलेख मात्र इतका स्वच्छ दिसतो की शंकाही येत नाही. अख्खा गर घ्या, आणि पिपेटने न घेता वजनाने घ्या, कारण पिपेटचं टोक चोथ्याने तुंबतं. लगेच काम होणार नसेल तर छोट्या काचेच्या कुप्यांत उणे २० अंशांवर ठेवा आणि एक कुपी एकदाच वितळवा. आंबट रसात इपॉक्सीबर्गामॉटिनचं हळूहळू डीएचबी होतं, म्हणून फ्रिजमध्ये चार दिवस राहिलेला रस आणि ताजा रस यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता निष्कर्षण. ५० मिलीच्या नळीत ५ ग्रॅम गर घ्या आणि आंतरिक प्रमाणक (ठरावीक मात्रेत मिसळायचं ओळखीचं संयुग, वाटेत किती हरवलं ते त्यावरून कळतं) आत्ताच घाला, शेवटी नाही. ड्यूटेरियम असलेलं प्रमाणक मिळालं तर उत्तम. नाहीतर ट्रायोक्सालेन चालतं. कोडावर वापरतात तेच हे कृत्रिम सोरालेन. एक ग्रॅम मीठ, १० मिली इथाइल ॲसिटेट, दोन मिनिटं व्हॉर्टेक्स, दहा मिनिटं शेकर. पपनसात पेक्टिन भरपूर, त्यामुळे मधे दह्यासारखा थर जमतो. मीठ त्यासाठीच आहे. तरीही थर हटला नाही तर नळी थंड करून ४००० जी वर दहा मिनिटं फिरवा. थर चमच्याने उचलून टाकू नका, त्यातच विद्रावक अडकलेला असतो. वरचा थर काढून घ्या आणि हीच क्रिया आणखी दोनदा करा. पद्धत बसवताना चौथ्यांदाही करून ते वेगळं मोजा. त्यात एकूणाच्या दोन टक्क्यांहून कमी निघालं तर तीन वेळा पुरेशा आहेत.

तिन्ही अर्क एकत्र करून नायट्रोजनखाली ३५ ते ४० अंशांवर वाळवा आणि तळ कोरडा होताच थांबा. मग १ मिली मिथेनॉल घालून भिंती नीट ओल्या करा आणि पाच मिनिटं सोनिकेटरमध्ये धरा. इथे घाई केली की बर्गामॉटिन काचेवरच राहतं. ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा, पहिले काही थेंब फेका आणि तपकिरी व्हायलमध्ये भरा. प्रकाश हा या संयुगांचा शत्रू आहे. त्यांच्यातला सोरालेनचा गाभा अतिनील किरण शोषतो आणि बदलतो. त्याच कारणाने हातावर सालीचं किंवा लिंबाचं तेल घेऊन उन्हात जाऊ नये, त्वचेवर काळे डाग उठतात.

एचपीएलसी म्हणजे मिश्रणातली संयुगं कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून दाबाने नेऊन एकामागून एक वेगळी करणारं यंत्र. त्यासाठी साधा सी-१८ कॉलम पुरतो: १५० मिमी लांब, ४.६ मिमी व्यास, ५ मायक्रॉन कण. प्रवाह मिनिटाला १ मिली, तापमान ३५ अंश. ‘ए’ म्हणजे ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल असलेलं पाणी, ‘बी’ म्हणजे ॲसिटोनायट्राइल. ३० टक्के ‘बी’ पासून २५ मिनिटांत ९५ टक्क्यांपर्यंत जा, पाच मिनिटं तिथे थांबा, मग आठ मिनिटं परत ३० वर. शोधक ३१० नॅनोमीटरवर. बर्गाप्टॉल सर्वांत आधी येतं आणि बर्गामॉटिन सर्वांत शेवटी. मधल्यांचा क्रम कॉलमनुसार बदलू शकतो, म्हणून प्रत्येक प्रमाणक (त्या संयुगाचा शुद्ध नमुना) एकदा एकटं सोडून पाहाच. इंजेक्शन ५ मायक्रोलिटरच ठेवा. शुद्ध मिथेनॉल २० मायक्रोलिटर सोडलं तर बर्गाप्टॉलचं शिखर पुढून फाटतं. पाणी घालून नमुना सौम्य करावासा वाटेल, पण मग बर्गामॉटिन बाहेर पडून काचेला चिकटतं. एकाच उपायाने दोघांचं समाधान होत नाही, म्हणून इंजेक्शन लहान ठेवणं हाच मधला मार्ग. सर्वांत तीव्र प्रमाणकानंतर नेहमी कोरं मिथेनॉल सोडा, कारण बर्गामॉटिन सुईत मागे रेंगाळतं.

फोटोडायोड ॲरे (एकाच वेळी सगळ्या तरंगलांबी टिपणारा शोधक) असेल तर शिखराचा पूर्ण वर्णपट बघा. पाचव्या जागी ऑक्सिजन असलेल्यांचा, म्हणजे बर्गामॉटिन, डीएचबी आणि बर्गाप्टेन यांचा, कळस ३१० च्या आसपास असतो. आठव्या जागी असलेल्यांचा ३०० कडे सरकतो. हा फरक छोटा आहे पण मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) चुकतो तिथे तो कामी येतो. ८-जेरानिलॉक्सीसोरालेन आणि बर्गामॉटिन यांचं वस्तुमान एकच, दोन्ही ३३९ वर दिसतात आणि दोन्ही तुटून २०३ देतात. कॉलमवर वेगळे झाले नाहीत तर मास स्पेक्ट्रोमीटर त्यांची बेरीज करून तुम्हाला बर्गामॉटिन म्हणून देतो.

आणखी फसवा आहे ३७३. डीएचबीचं प्रोटॉनयुक्त आयन ३७३.१६ वर. संत्र्याच्या सालीतल्या टँजरेटिनचं ३७३.१३ वर. साध्या क्वाड्रुपोल प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमीटरला ते एकच. त्यामुळे नागपुरी संत्र्यात, जिथे डीएचबी जवळजवळ नसतंच, तिथे ‘डीएचबी सापडलं’ असा निकाल सहज निघू शकतो. उपाय साधा आहे: नुसत्या ३७३ वर विसंबू नका, ३७३ पासून २०३ हे संक्रमण (३७३ तुटून २०३ मिळणं) आणि धारणकाल (कॉलममधून बाहेर पडायची वेळ) दोन्ही जुळले पाहिजेत. टँजरेटिन मिथिल गट टाकत ३५८ आणि ३४३ देतं. शिवाय डीएचबी आयन-स्रोतातच पाण्याचा एक रेणू गमावून ३५५ वर जातं, आणि ३५५ हे इपॉक्सीबर्गामॉटिनचं घर. डीएचबीच्याच वेळी ३५५ चं शिखर दिसलं तर ते इपॉक्सीबर्गामॉटिन म्हणून मोजू नका. स्रोताचा व्होल्टेज कमी करून पाहा.

मोजपट्टी, म्हणजे ठाऊक प्रमाणांवरून काढलेली तुलनेची रेघ, नुसत्या मिथेनॉलमध्ये बनवू नका. हाताने सोललेल्या नागपुरी संत्र्याचा गर आधी तपासा, तो कोरा निघाला की तोच आधार घ्या. त्यात प्रमाणक मिसळून वरची सगळी निष्कर्षण-क्रिया करा आणि अर्कात ०.०५ ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली असे सहा-सात बिंदू घ्या. ५ ग्रॅमचा १ मिली झाल्यामुळे हे बिंदू गरातल्या किलोला ०.०१ ते ४ मिलिग्रॅम इतके होतात. सालीचा अर्क या पट्टीच्या वर जाणारच, तो पातळ करून परत सोडा. डीएचबी एक-एक मिलिग्रॅमच्या कुपीत आणि महाग येतं. ते बाहेर काढून वजन करण्याचा मोह टाळा. कुपीतच विरघळवा आणि प्रमाणपत्रावरचं वजन व शुद्धता धरा. प्रत्यानयन, म्हणजे मिसळलेल्यापैकी परत किती मिळालं, ८० ते १२० टक्क्यांत आलं नाही तर पुढे जाऊ नका. बर्गाप्टेनचं चांगलं आणि बर्गामॉटिनचं वाईट येत असेल तर दोष बहुधा वाळवून परत विरघळवण्यात असतो.

हिशेब असा. समजा अर्कात डीएचबी ८.६ मायक्रोग्रॅम प्रति मिली आलं आणि गर ५.०२ ग्रॅम होता. ८.६ भागिले ५.०२ म्हणजे किलोला १.७१ मिलिग्रॅम. रेणुभार ३७२.४ ने भागलं की किलोला ४.६ मायक्रोमोल. २५० ग्रॅम गर खाल्ला तर ०.४३ मिलिग्रॅम. निकाल मोलमध्ये द्यावा असा माझा आग्रह आहे, कारण एन्झाइमला चिकटणं रेणूमागे रेणू होतं. पाचही आकड्यांची सरळ बेरीज मात्र देऊ नका. डीएचबीचा जोर आणि बर्गाप्टेनचा जोर सारखा नाही, आणि दोन फ्युरानोकुमारिन जोडून बनलेली पॅराडिसिन अगदी थोडी असूनही फार प्रबळ असतात, जी वरच्या पद्धतीत मोजलीच जात नाहीत.

ही उणीव भरून काढायला एन्झाइमची चाचणी जोडावी. मानवी यकृताच्या मायक्रोसोमबरोबर (एन्झाइम असलेले पेशींचे तुकडे) अर्क दोन प्रकारे ठेवा: एकदा एनएडीपीएच (एन्झाइमला काम करायला लागणारा सहघटक) घालून ३० मिनिटं आधी, एकदा तसं न करता. मग मिडाझोलम हे सीवायपी ३ए४ ने मोडणारं औषध घाला आणि त्याचं १′-हायड्रॉक्सी रूप किती बनलं ते मोजा. आधी ठेवलेल्या नळीत उत्पादन बरंच कमी निघालं तर एन्झाइम कायमचं निकामी होतं आहे, म्हणजे फ्युरानोकुमारिनची खरी खूण सापडली. अर्क डीएमएसओ या विद्रावकात असेल तर त्याचं अंतिम प्रमाण ०.२ टक्क्यांच्या वर नेऊ नका, डीएमएसओ स्वतःच या एन्झाइमला दाबतं. आणि कोऱ्या संत्र्याच्या अर्काची नळी शेजारी हवीच, नाहीतर गरातल्या बाकीच्या फ्लेव्होनॉइडांचं काम पपनसाच्या खात्यावर जमा होईल.