आटे गेलेली भोकं आणि आमची वाटचाल

आमच्या फर्मची सुरुवात नवं फर्निचर बनवण्यापासून झाली. आज निम्म्याहून जास्त काम पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा चिकटवून दाबलेल्या फळीच्या, कपाटांतली स्क्रूची ढिली भोकं पक्की करण्याचं असतं. तक्रार ठरलेली: दार खाली आलंय आणि स्क्रू कितीही पिळला तरी नुसता फिरतोय.

सगळे म्हणतात आटे गेले. पण स्क्रूचे आटे जागेवरच असतात, जातात ते बोर्डातले. काढलेला स्क्रू उजेडात धरला की आट्यांच्या खाचांमध्ये तपकिरी भुसा दिसतो. तो भुसा म्हणजे भोकाची भिंत. पार्टिकल बोर्डचे दोन्ही पृष्ठभाग बारीक चुऱ्याचे आणि घट्ट असतात, मधला गाभा भरड चिपांचा आणि पोकळसर. लाकडासारखा सलग धागा इथे नाही, चिपांना धरून ठेवतं ते फक्त रेझिन, म्हणजे त्यांना चिकटवणारा पदार्थ. ते एकदा तुटलं की पुन्हा जुळत नाही. म्हणून नुसतं भोक बुजवून भागत नाही, त्याच्या भोवतीचा भुगा आधी काढावा लागतो. हे कळायला आम्हाला तीन पद्धती टाकून द्याव्या लागल्या.

पहिली पद्धत काड्यांची. भोकात गोंद, त्यात आगकाडीचे तुकडे आणि वर स्क्रू. त्या दिवशी छान आवळतो. पण काड्या पाचरीसारख्या पसरून भुसभुशीत भिंतीवरच दाब देतात, त्यामुळे दार वापरात आलं की भिंत आणखी ढासळते. कपाटाच्या पाठीची पट्टी किंवा हलकी कडी असेल तर आम्ही आजही काड्या वापरतो. बिजागरीला नाही.

दुसरी पद्धत जाड स्क्रूची, ३.५ मिमी काढून ४.५ मिमी घालायचा. हे एकदाच चालतं. शिवाय जाड स्क्रूचं डोकं बिजागरीच्या पट्टीत पूर्ण बसत नाही, वर राहतं, आणि मग दार बंद होताना अडतं. बोर्डच्या कडेत असा स्क्रू घातला तर गाभा उभा फाटतो. तिसरी पद्धत भिंतीत वापरतात त्या नायलॉन प्लगची. प्लगचं काम फुगून धरण्याचं, आणि १६ मिमीच्या कडेला फुगणंच सोसत नाही.

आता आम्ही लाकडी खुंटी, म्हणजे डॉवेल, वापरतो. १६ मिमी बोर्डात ८ मिमीचं भोक १२ मिमी खोल पाडायचं. बिटवर १२ मिमीला टेप गुंडाळायची आणि बिटचं मधलं टोक धरूनच मोजायचं, नाहीतर ते पलीकडच्या लॅमिनेटवर फोड उठवतं. भुसा व्हॅक्यूमने ओढून काढायचा. फुंकर मारू नका, डोळ्यात जातो. गोंद भिंतीला फासायचा, तळाशी ओतायचा नाही. खुंटी ठोकताना तळाचा गोंद पिचकारीसारखा दाबला जातो आणि उरलेला ४ मिमीचा थर बाहेर फुगतो. म्हणून खाचा असलेली खुंटीच घ्यावी. पांढरा गोंद असेल तर २४ तास हात लावायचा नाही. मग वर आलेला भाग पटाशीने सपाट करायचा, बिजागरीची पट्टी ठेवून केंद्र खुणवायचं आणि ३.५ मिमी स्क्रूसाठी २.५ मिमीचं भोक पाडायचं. ते न पाडता स्क्रू घुसवला तर खुंटी मधोमध चिरते.

गाभा फारच भुसभुशीत असला तर आधी पातळ सुपरग्लूचे पाच-सहा थेंब भिंतीला पाजतो. तो चिपांत झिरपून त्यांना कडक करतो. पण अशा चकचकीत भिंतीला पांढरा गोंद नीट धरत नाही, तिथे खुंटी दोन भागांच्या इपॉक्सीने बसवावी लागते.

एक उणीव खुंटीतही आहे. तिच्यात स्क्रू धाग्याच्या दिशेने शिरतो, आणि तशी पकड आडव्या धाग्यातल्या पकडीपेक्षा कमी असते. जड दारासाठी आम्ही कठीण लाकडाच्या फळीतून १२ मिमीची आडव्या धाग्याची टिकली कापून बसवतो. जुना स्क्रू ६.३ मिमीचा युरो स्क्रू, म्हणजे कपाटांच्या बिजागरीत येतो तो जाड, आखूड स्क्रू, असेल तर तो परत घालत नाही. ८ मिमीच्या खुंटीत त्याच्या भोवती एक मिमीही लाकूड उरत नाही. त्याजागी ४ मिमीचा साधा लाकडी स्क्रू.

कोणतं दार जास्त ओढतं, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ६०० मिमी रुंद, १८०० मिमी उंच, १८ मिमी जाड दार सुमारे १३ किलो भरतं. बिजागऱ्यांत १६०० मिमी अंतर असेल तर बंद दार वरच्या बिजागरीला बाजूच्या फळीपासून अडीच किलोच्या जोराने ओढतं. तितकंच रुंद पण ६०० मिमी उंच दार साडेचार किलोचंही नसतं, पण बिजागऱ्या ४०० मिमी अंतरावर असल्याने ओढ सव्वातीन किलोवर जाते. भोकं आधी ढिली होतात ती अशा बुटक्या, रुंद दारांची. त्यात कोणी दार उघडण्याच्या मर्यादेपुढे रेटलं तर एका झटक्यात चारही स्क्रू उपटून येतात.

काही कामं आम्ही घेत नाही. पाणी लागून फुगलेला बोर्ड कॅलिपरने मोजतो. १६ मिमीचा १८ झाला असेल तर तिथे कोणतीच खुंटी टिकत नाही. फळी बदला किंवा बिजागरी कोरड्या जागी सरकवा. दाराकडच्या ३५ मिमी कपाची, म्हणजे बिजागरीचा गोल भाग दारात बसतो त्या खळग्याची, कडाच तुटली असेल तरी सल्ला सरकवण्याचाच.

बसवलेला स्क्रू पुन्हा काढावा लागला, तर घालताना आधी उलटा फिरवा. टक् असा बारीक आवाज येऊन तो जुन्या आट्यात उतरतो. मग हाताच्या पेचकसाने सुलटा आवळा, डोकं पट्टीला टेकलं की थांबा.